सरडगुहिऱ्याचा घास



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी मुळाक्षरांपासून अलंकारांपर्यंतचा प्रवास केला, त्या शाळेने आपल्या एका थोर शिक्षकाच्या नावे चालविलेल्या या व्याख्यानमालेत मला पाचारण करावे, हा मी माझा बहुमान समजतो. विषय कळविताच कार्यवाहांचा दूरध्वनी आला. "सर, पत्रात 'सरडगुहिऱ्याचा घास' असं लिहिलंय. काही अक्षर चुकलंय का?" अक्षर चुकलेले नाही, असे मी त्यांना सांगितले. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने बेळगावच्या मराठी शाळेत येऊन भाषेच्या भवितव्यावर बोलावे अशी अपेक्षा असते आणि ती गैर नाही. त्या विषयावर मी आजवर पुष्कळ बोललो आहे. इतका, की त्यातील वाक्ये आता माझी मलाच पाठ झाली आहेत. आज जे सांगायचे आहे ते मी व्यासपीठावरून कोठेही सांगितलेले नाही. ती माझ्या हातून घडलेल्या एका चुकीची हकीगत आहे, आणि ती ज्यांना ऐकवावी असे मनापासून वाटते ते गुरुजी आज हयात नाहीत.

गुरुजी आम्हांला आठवीत शास्त्र शिकवीत. ते १९५९ साल. महिन्यातून एखाद्या रविवारी सकाळी ते पाच-सहा मुलांना बरोबर घेऊन येळ्ळूरच्या वाटेने राजहंसगडाकडे चालत निघत. खिशात एक भिंग, हातात छत्री, आणि आमच्या फडक्यात बांधलेल्या दशम्या. या सहलींत 'किडा' हा शब्द चालत नसे. कोणी "गुरुजी, किडा!" असे ओरडला की ते थांबत आणि विचारीत, "कोणता?" नाव सांगता आले तर लगेच दुसरा प्रश्न येई, "काय खातो?" आणि त्यावरही तरलात तर तिसरा, "आणि याला कोण खातं?" मला पहिला प्रश्न आवडे, कारण त्यात शब्द मिळत. चतुर, टाचणी, नाकतोडा, हुमणी, शेणकिडा, हे सारे शब्द मी हावरटासारखे गोळा केले. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाच्या वेळी मी बहुधा ढगांकडे पाहत असे.

अशाच एका रविवारी करवंदीच्या जाळीत आम्हांला एक हिरवागार प्राणी दिसला. दोन बोटे एका बाजूला आणि तीन दुसऱ्या बाजूला अशा चिमट्यांनी फांदी धरलेली, शेपूट घड्याळाच्या कमानीसारखे गुंडाळलेले, आणि प्रत्येक पाऊल टाकण्याआधी पुढे-मागे झुलणारा. मुलांनी तत्काळ दगड उचलले. तो चावला की माणूस वाचत नाही, असे आमच्या गल्लीत सर्वांनाच ठाऊक होते. गुरुजींनी छत्री आडवी धरली. "त्याला विष नाही. तो कुणाचं काही घेत नाही. दगड खाली टाका." मग त्यांनी आम्हांला त्याला खाऊ घालण्याची मुभा दिली. शेजारी रुईचे झुडूप होते आणि त्यावर पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचे देखणे टोळ बसले होते. मी त्यांतला सर्वांत सुंदर निवडला, चिमटीत धरताच त्याने माझ्या बोटांवर घाणेरड्या वासाच्या पाण्याची पिचकारी मारली, तरी मी त्याला काडीच्या टोकाला लावून पुढे केले. प्राण्याने एक डोळा टोळाकडे फिरविला, दुसरा डोळा तोवर माझ्याकडे होता, तोही फिरविला. दोन्ही डोळे एकवटले, आम्ही श्वास रोखून धरले, आणि त्याने शांतपणे मान वळविली. दुसऱ्या मुलाने गवतातला एक साधा, मातकट नाकतोडा पुढे केला. जीभ बाहेर कधी आली आणि आत कधी गेली हे कोणालाच दिसले नाही. काडीवरचा नाकतोडा तेवढा नव्हता.

गुरुजींनी मला ओढ्यावर हात धुवायला पाठविले आणि मागून म्हणाले, "रुईच्या चिकावर वाढलेला टोळ आहे तो. ते त्याला ठाऊक आहे. तुला ठाऊक नाही."

त्या प्राण्याचे नाव सरडगुहिरा. कुंपणावर डोके वरखाली करीत बसणारा बागेतील सरडा वेगळा आणि हा वेगळा. पण बोलीभाषेने दोघांनाही एकाच 'सरडा' शब्दात कोंबले आहे. आमच्या घरासमोर राहणाऱ्या कानडी मावशी त्याला 'गोसुंबे' म्हणत आणि दिलेला शब्द फिरविणाऱ्या माणसालाही तेच नाव देत. संस्कृतात 'सरट' आणि 'कृकलास' हे शब्द आहेत. इंग्रजीमार्गे आलेल्या 'शॅमेलिऑन' या शब्दाचे मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ 'भूमीवरचा सिंह' असा होतो. या भित्र्या, मंद प्राण्यात ग्रीकांना सिंह कोठे दिसला हे त्यांनाच ठाऊक. रंग बदलण्यावरून आपण या प्राण्याला इतके बदनाम केले आहे की त्याची बाजू मांडणे कर्तव्य ठरते. भोवतालाशी बेमालूम मिसळण्यासाठी तो रंग बदलतो ही समजूत बरीचशी चुकीची आहे. भय, राग, मीलनाची इच्छा, ऊन आणि थंडी यांनी त्याचा रंग पालटतो. जिनिव्हातील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले, की मादागास्करमधील एका जातीच्या त्वचेत अतिसूक्ष्म स्फटिकांची जाळी असते आणि त्या स्फटिकांतील अंतर कमीजास्त झाले की परावर्तित होणारा रंग बदलतो. म्हणजे आपण ज्याला ढोंग म्हणतो ते त्याचे मन उघडे करणे आहे. पुढाऱ्यांना त्याची उपमा देणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

आणि तो खातो काय? प्लिनी या रोमन ग्रंथकाराने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले, की हा प्राणी केवळ हवेवर जगतो. तासन्‌तास निश्चल बसणारा, कोणाच्या मागे न धावणारा, तोंड मधूनच किंचित उघडणारा प्राणी पाहून त्यांना तसे वाटले असावे. ही समजूत युरोपातील विद्वानांनी शतकानुशतके जपली. सतराव्या शतकात, १६४६ मध्ये, टॉमस ब्राउन या इंग्रज वैद्याला प्रचलित भ्रमांच्या खंडनाचा ग्रंथ लिहिताना त्यात तिची दखल घ्यावी लागली. हसू नका. मराठी म्हणींतील प्राणिसृष्टी या विषयावर मी पीएच.डी.चा प्रबंध लिहिला. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, या एका म्हणीवर त्यात कित्येक पृष्ठे आहेत. कुंपणाच्या त्या धावेत तो काय खातो, याविषयी संपूर्ण प्रबंधात एक वाक्य नाही. तीनही परीक्षकांना ते उणे वाटले नाही.

आता पंचावन्न वर्षांची उडी घेऊन आपण अमेरिकेत जाऊ. २०१४ च्या मे महिन्यात मी आणि माझी पत्नी न्यू जर्सी राज्यात मुलीकडे गेलो. नातू तेव्हा अकरा वर्षांचा. त्याच्या खोलीत जाळीचा एक उंच पिंजरा होता, आत खऱ्या वेली, वर दिवे, आणि वेलीवर एक सरडगुहिरा. मी क्षणभर दारातच थबकलो. करवंदीच्या जाळीतला तो हिरवा प्राणी मला सातासमुद्रापार भेटायला आला होता, असे वाटले. पण हा तो नव्हता. याच्या डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंच तुरा होता. ही जात येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागातील. अमेरिकेत तिची पैदास करून प्राण्यांच्या दुकानांतून विकतात. नातवाने त्याला ठेवलेले इंग्रजी नाव माझ्या पत्नीच्या जिभेवर बसेना. पोपटासारखा हिरवा म्हणून तिने त्याला राघू म्हणायला सुरुवात केली आणि पंधरवड्यात सारे घर राघू म्हणू लागले.

राघूचे जेवण डब्यातून येई. दुकानातून जिवंत रातकिडे आणायचे, त्यांना एक दिवस गाजर आणि हिरवा पाला खाऊ घालायचा, मग एका पिशवीत कॅल्शियमची पांढरी भुकटी घालून त्यात ते घोळवायचे आणि पिंजऱ्यात सोडायचे. माशाच्या तुकड्या पिठात घोळवतात तसे. मला हा प्रकार हास्यास्पद वाटला. नातवाने मला समजावून सांगितले, आणि त्याचे म्हणणे खरे होते. रातकिड्याच्या शरीरात कॅल्शियम फार थोडे आणि फॉस्फरस त्याच्या कित्येक पटींनी असतो. नुसत्या रातकिड्यांवर वाढविलेल्या सरड्याची हाडे मऊ पडतात, पाय वाकतात, जबडा रबरासारखा होतो. उन्हातील जो किरण त्वचेवर पडून ड जीवनसत्त्व तयार होते तो काचेतून येत नाही, म्हणून त्यासाठी वेगळा दिवा. पाणी वाटीतून तो पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ फवारा. एवढे करूनही अन्नात वैविध्य नसते ते नसतेच. रोज रातकिडा, सणासुदीला रेशमाचा किडा.

येथे माझ्यातला आजोबा जागा झाला. रोज वरणभात खाणाऱ्या पोराला कोणी शेतातला हुरडा देऊ नये काय? मी नातवाची जाळी घेऊन मागच्या अंगणात उतरलो आणि नाकतोडे, पतंग, माश्या पकडून राघूला देऊ लागलो. सडसष्टाव्या वर्षी मी गवतावर गुडघे टेकून नाकतोड्यामागे सरपटत असे आणि शेजारचे गोरे गृहस्थ कुंपणापलीकडून सौजन्याने हात हलवीत. राघूत खरोखरच फरक पडला. दुकानातल्या रातकिड्याकडे तो कारकुनासारखा पाही; पण उडती माशी दिसली की त्याचे दोन्ही डोळे एकवटत, घसा फुगे, आणि शरीराहूनही लांब अशी ती जीभ सुटे. (तिच्या टोकावरील लाळ माणसाच्या लाळेपेक्षा सुमारे चारशे पट दाट असते, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मोजले आहे.) रानातले कीटक नाना वनस्पती खाऊन वाढलेले असतात, आणि ते वैविध्य खाणाऱ्याच्या अंगी उतरते, हे पशुवैद्यही मान्य करतात. तेव्हा माझी कल्पना मुळातच चुकीची होती असे मी आजही म्हणणार नाही.

पहिला इशारा मला मुलीने दिला. शेजाऱ्यांच्या हिरवळीत काडीवर खोचलेली एक चिमुकली पाटी होती. मला वाटले, फुलझाडाचे नाव असेल. "बाबा, औषध मारलंय म्हणून लावलेली पाटी आहे ती. तिथले किडे आणू नका हं." नाकतोड्याला कुंपण कोठे कळते? शेजाऱ्यांच्या गवतावर जेवलेला आमच्या अंगणात येऊन बसत असणार. त्या आठवड्यात राघूला काही झाले नाही, हे नशीब. मी भाषेचा प्राध्यापक. आणि माझ्या पायाशी चार शब्दांची पाटी होती, ती मी वाचली नव्हती.

जूनअखेरीस शाळांना सुट्टी लागली आणि एके दिवशी तिन्हीसांजेला अंगणात काजवे आले. बेळगावात लहानपणी वळवाचे दोन पाऊस झाले की झाडे काजव्यांनी भरून जात. ते दृश्य मी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. हे अमेरिकन काजवे गवतालगत उडत आणि उडता उडता वर वळून अशी रेघ ओढीत, की जणू कोणी अंधारात आपला ऱ्हस्व उकार गिरवीत आहे. नातू आणि मी मुरांब्याच्या बरणीत आठ-दहा पकडले, ओले गवत घातले, झाकणाला भोके पाडली. त्या रात्री मी त्याला आमच्या लहानपणच्या पुष्कळ गोष्टी सांगितल्या. ती रात्र फार सुंदर होती.

सकाळी सातला घर झोपेत असताना मी उठलो. बरणीतले काजवे जिवंत होते. दिवसाच्या उजेडात पाहिले तर काळसर पंख, त्यांना पिवळी किनार, मानेवर गुलाबी ठिपका. एखाद्या इरकली लुगड्यासारखे. आमच्या राघूला आज मेजवानी, असे म्हणून मी त्यांतले पाच पिंजऱ्यात सोडले आणि चहा करायला खाली गेलो. परत आलो तेव्हा दोन कमी होते.

पुढचे थोडक्यात सांगतो. तासाभराच्या आत राघूने तोंड वासले ते मिटेना. तो डोके झटकू लागला. अंगाचा हिरवा रंग जाऊन तो काळपट झाला, इतका काळपट मी त्याला कधी पाहिले नव्हते. मुलीने सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. काय खाल्ले, असे त्यांनी विचारले, आणि मुलीने "फायरफ्लाय" हा शब्द उच्चारताच पलीकडे काही क्षण शांतता झाली. घेऊन या, पण आशा धरू नका, असे ते म्हणाले. मोटार निघण्यापूर्वीच राघू गेला.

नातू रडला नाही. त्याने माझ्याकडे पाहून विचारले, "आजोबा, तुम्हाला माहीत नव्हतं?" त्यात राग नव्हता. आजोबांना सर्व माहीत असते, अशा समजुतीने विचारलेला तो प्रश्न होता.

त्या आठवड्यात जावईबापूंनी मला काही शोधनिबंध मिळवून दिले. मी ते शब्दकोश घेऊन वाचले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात थॉमस आयझ्नर नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. २०११ मध्ये ते निवर्तले. फोटिनस या प्रजातीच्या काजव्यांच्या शरीरात एक विषारी द्रव्य असते, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढले. त्या द्रव्याचे नाव ल्यूसिब्युफॅजिन. त्यात प्रकाशवाचक लॅटिन शब्द आणि भेकवाचक लॅटिन शब्द यांचा समास आहे, कारण भेकाच्या कातडीतील विषाशी त्याचे जवळचे नाते आहे. ते थेट हृदयावर आघात करते. १९९९ मध्ये आयझ्नर आणि इतरांनी पाळीव सरड्यांच्या अशा मृत्यूंवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात प्रामुख्याने ऑस्ट्रेलियातून आलेल्या, पोगोना नावाच्या दाढीवाल्या सरड्यांचा विचार आहे, आणि एक काजवासुद्धा प्राणघातक ठरू शकतो असा निष्कर्ष आहे. या काजव्यांची आणखी एक कथा त्याच वाचनात सापडली. फोट्युरिस नावाच्या दुसऱ्या काजव्यांच्या माद्या फोटिनसच्या मादीसारखा प्रकाश पाडून त्यांच्या नरांना बोलावतात आणि खाऊन टाकतात. त्या भक्ष्यातील विष मग त्यांना स्वतःच्या रक्षणाला उपयोगी पडते. कोणाला नाटक लिहायचे असेल तर कथानक तयार आहे.

पण मला त्या वाचनात खिळवून ठेवले ते एका साध्या विचाराने. फोटिनस हा अमेरिका खंडाचा काजवा. त्याच्याबरोबर राहत आलेले सरडे, पक्षी, कोळी त्याला टाळतात. ते टाळणे हजारो पिढ्यांत त्यांच्या अंगी मुरले आहे. ऑस्ट्रेलियाच्या किंवा येमेनच्या सरड्याने तो कधी पाहिलेलाच नाही. पिवळी किनार, गुलाबी ठिपका ही त्या काजव्याची धोक्याची पाटी आहे. पण ती ज्या लिपीत आहे ती राघूला वाचता येत नव्हती. राजहंसगडाच्या वाटेवरचा सरडगुहिरा रुईवरच्या टोळाकडे पाहून मान वळवू शकला, कारण रुई, टोळ आणि तो एकाच भूमीचे. 'ते त्याला ठाऊक आहे, तुला ठाऊक नाही,' असे गुरुजी म्हणाले होते. न्यू जर्सीत त्यालाही ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. अशा ठिकाणी जाणून घेण्याचे काम दोघांपैकी ज्याला ग्रंथ वाचता येतो त्याचे होते.

आपल्या पुराणांत नृग राजाची कथा आहे. त्याने अगणित गायी दान दिल्या. आधी एका ब्राह्मणाला दिलेली एक गाय चुकून कळपात परत आली आणि राजाने नकळत ती दुसऱ्याला दान केली. एवढ्या चुकीसाठी तो कृकलास होऊन कोरड्या विहिरीत पडला आणि पुढे श्रीकृष्णाने त्याला बाहेर काढले. विद्यार्थ्यांना ही कथा सांगताना मी नेहमी म्हणे, की शिक्षा अपराधाच्या मानाने फारच कठोर आहे. देणाऱ्याचा हेतू शुद्ध होता. २०१४ नंतर मला तसे म्हणता आले नाही. गाय कोणाची हे पाहणे दान देणाऱ्याचेच काम होते.

दोन वर्षांनी नातवाने त्याच जातीचा दुसरा सरडगुहिरा आणला. त्या उन्हाळ्यात मी पुन्हा तेथे होतो. या वेळी त्याने मला विचारले, "आजोबा, बाहेरचे किडे द्यायचे की नाहीत?" माझ्या मुलीचे मत स्पष्ट होते, की नाहीच द्यायचे, आणि पुष्कळ डॉक्टरही तेच सांगतात, कारण फवारणीबरोबर परोपजीवी कृमींचेही भय असते. मी तिच्याशी पूर्णपणे सहमत झालो नाही. दुकानातले अन्नही निर्धोक असते असे नाही. २०१० च्या सुमारास एका विषाणूने अमेरिकेतील रातकिड्यांच्या पैदास-केंद्रांवर असा घाला घातला, की काही बंदच पडली. शेवटी तडजोड निघाली. मुख्य अन्न दुकानाचेच, भुकटीत घोळविलेले. रानातले फक्त एका ओळखीच्या कुटुंबाच्या बागेतून, जेथे कित्येक वर्षे कोणतेही औषध मारलेले नव्हते. रस्त्याकडेचे नाही, गोल्फच्या मैदानाजवळचे नाही, आपणहून मरतुकडे झालेले तर मुळीच नाही. आकार प्राण्याच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठा नको. आणि नाव सांगता आल्याशिवाय एकही कीटक पिंजऱ्यात जाणार नाही. मातकट नाकतोडे चालतील, घरमाशीपेक्षा बागेतली फुलमाशी बरी, गुळगुळीत हिरवी अळी कोबीवरची असेल तर चालेल आणि टोमॅटोवरची असेल तर नको, कारण टोमॅटोची पाने विषारी. काजवा कधीही नाही. मिल्कवीडवरची सुरवंटे आणि त्यांची नारिंगी फुलपाखरे नाहीत. ती वनस्पती आपल्या रुईच्याच कुळातली. ढालकिडे नाहीत, केसाळ सुरवंटे नाहीत. आपल्याकडे बाजरीवर पडणाऱ्या हिंग्यांचे तिकडचे भाऊबंद तर नाहीतच. त्यांच्या अंगातील द्रवाने माणसाच्या कातडीवर फोड येतात, मग एवढ्याशा पोटाचे काय होईल?

तिसरी-चौथी संध्याकाळ असेल. मी जाळीत काहीतरी आणले आणि म्हणालो, "हा घे, एक किडा." नातू पिंजऱ्याचे दार धरून उभा राहिला आणि म्हणाला, "कोणता?"

त्याने गुरुजींचे नावही कधी ऐकले नव्हते. मी जाळीसकट पायरीवर बसलो. त्याला वाटले मला चक्कर आली.

तो दुसरा सरडगुहिरा सहा वर्षे जगला आणि म्हातारा होऊन गेला. नातू आता महाविद्यालयात आहे. आपल्याला वाटावे तसे त्याने कीटकशास्त्र घेतलेले नाही. तो हिशेबशास्त्र शिकतो आणि त्यात आनंदी आहे.

बालमित्रांनो, ही हकीगत ऐकून उद्या कोणी करवंदीच्या जाळीत हात घालू नका. आपल्या देशातील सरडगुहिऱ्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने संरक्षण दिले आहे. त्याला पकडणे, घरात ठेवणे हा गुन्हा आहे. आणि पाळलेला प्राणी भलत्या ठिकाणी सोडणेही तितकेच घातक. १९७२ मध्येच हवाई बेटांवर केनियातून आणलेले काही डझन सरडगुहिरे प्रवासाने अशक्त झाले म्हणून एका दुकानदाराने आपल्या अंगणात मोकळे सोडले. त्याने ते दयेपोटीच केले असावे. ते तेथे पसरले, आणि त्या बेटांवरील दुर्मिळ कीटक व गोगलगायी त्यांचे भक्ष्य झाल्या. गडाच्या वाटेवर तो दिसलाच तर दोन हात दूर उभे राहून पाहा आणि मोठ्या माणसांच्या हातातले दगड खाली टाकायला लावा. मागच्या वर्षी मी त्या वाटेने मोटारीने गेलो होतो. करवंदीची जाळी सापडली नाही. रुई मात्र होती, आणि तिच्यावर पिवळे-निळे टोळही होते.

जाता जाता एक वस्तू मुख्याध्यापिकाबाईंच्या स्वाधीन करतो. ही दोनशे पानी वही आहे. २०१६ पासून मी तिच्यात कीटकांची मराठी नावे लिहीत आलो. ठाऊक असेल तेथे शेजारी कानडी नाव आहे, ते आमच्या समोरच्या कानडी मावशींच्या मुलाने सांगितलेले. पुढे दोन रकाने आहेत, 'काय खातो' आणि 'याला कोण खातं'. पहिला रकाना बराच भरला आहे. दुसरा पुष्कळ ठिकाणी कोरा आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत ती ठेवावी, कुलपात ठेवू नये, आणि विद्यार्थ्यांना तिच्यात पेन्सिलीने लिहू द्यावे. माझ्या अक्षरात काही चुका आढळल्या तर त्या खोडण्यास माझी पूर्ण अनुमती आहे.